मताची किंमत आणि माहितीची किंमत

माझ्या भाचीची मुलगी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकते. सुट्टीत ती आमच्याकडे राहावयास आली, तेव्हा तिच्या पिशवीतून एक जाडसर इंग्रजी पुस्तक बाहेर पडले. "आजी, हे तू वाचू नकोस, डोकं दुखेल," असे ती अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिब्रूत म्हणाली, आणि म्हणूनच मी ते वाचले. चाळीस वर्षे वॉर्डात काढलेल्या बाईला डोकेदुखीचे भय दाखवू नये. शब्दकोश मात्र जवळ घ्यावा लागला. आमचे शिक्षण मराठी शाळेतले. इंग्रजी कामापुरते आले ते नर्सिंगच्या पुस्तकांतून, आणि त्या पुस्तकांत मतदार नव्हता.

ग्रंथाचे नाव मराठीत 'लोकशाहीचा आर्थिक सिद्धान्त' असे करता येईल. लेखक अँथनी डाउन्स, प्रकाशनाचे साल १९५७. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या या अमेरिकन तरुणाने स्टॅनफर्ड विद्यापीठासाठी लिहिलेला हा प्रबंध होता. त्याचे मार्गदर्शक होते केनेथ ॲरो, ज्यांना पुढे १९७२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डाउन्स स्वतः पुढे शहरे, घरे आणि रस्त्यांवरची वाहनांची कोंडी या विषयांकडे वळले आणि २०२१ साली नव्वदाव्या वर्षी वारले. परंतु त्यांचे नाव राहिले ते या पहिल्याच पुस्तकामुळे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. बाजारात गेलेला माणूस जसा चार पैशांचा विचार करतो, तसाच मतदारही करतो. कोणता पक्ष आला तर माझा काय फायदा, दुसरा आला तर काय, या दोहोंतला फरक तो पाहतो. पण हा फरक कळण्यासाठी माहिती लागते, आणि माहिती फुकट नसते. वर्तमानपत्राला पैसे पडतात. ते वाचायला, समजून घ्यायला, दोन बातम्यांपैकी खरी कोणती हे ठरवायला वेळ पडतो. इतका खर्च करून हाती काय येते? एक मत. लाखोंच्या ढिगातले एक. त्या एका मताने निकाल फिरेल याची शक्यता जवळजवळ शून्य. तेव्हा फायदा कितीही मोठा असला तरी त्याला या शून्याने गुणावे लागते, आणि उत्तर खर्चापेक्षा कमी येते. म्हणून सुज्ञ माणूस राजकारणाबाबत अडाणी राहतो, आणि तो सुज्ञ आहे म्हणूनच अडाणी राहतो. आळसाने किंवा मूर्खपणाने अडाणी राहणे निराळे. हे हिशेब करून अडाणी राहणे झाले.

ग्रंथाचा पूर्वार्ध, दोन पक्ष मतांसाठी मध्यावर कसे सरकत येतात याविषयीचा, अधिक प्रसिद्ध आहे. एकाच रस्त्यावरची दोन दुकाने गिऱ्हाइकासाठी जवळजवळ का येतात, हे हॉटेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली सांगितले होते, त्याचाच हा विस्तार. दोन पक्षांच्या देशाला तो लागू पडत असेल. आपल्या देशात १२० जागांच्या क्नेसेटसाठी तीस-चाळीस याद्या उभ्या राहतात; येथे रस्त्यावर दोन दुकाने नाहीत, अख्खा बाजार आहे. म्हणून तो भाग मी सोडून देते आणि माहितीचा भाग घेते.

या भागातील पुष्कळसे मला पटले, हे प्रथम सांगितले पाहिजे. औषधाच्या डबीत घडी घालून एक कागद ठेवलेला असतो. मुंगीच्या पायाएवढी अक्षरे, दोन्ही बाजूंनी छापलेला. इतक्या वर्षांत तो पुरता वाचणारे रुग्ण मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले. बाकीचे विचारत, "सिस्टर, जेवणाआधी की जेवणानंतर?" एवढ्यावर त्यांचे काम भागे. ते अडाणी नव्हते. त्यांत शिक्षक होते, हिशेबनीस होते. त्यांनी कागद वाचण्याचा खर्च वाचवला, आणि ज्याने वाचला आहे असे वाटले त्याला विचारले. डाउन्सही नेमके हेच सांगतात. मतदार स्वतः माहिती गोळा करीत बसत नाही. तो ते काम दुसऱ्यावर सोपवतो. वर्तमानपत्रावर, कामगार संघटनेवर, जाणत्या शेजाऱ्यावर. पक्षाची विचारसरणीसुद्धा त्यांच्या मते खर्च वाचवण्याचे साधन आहे. डबीवरचा रंग ओळखीचा असला की आतला कागद वाचावा लागत नाही.

दुसरे पटले ते उत्पादक आणि गिऱ्हाईक यांच्यातल्या फरकाविषयी. जो एखादी वस्तू विकतो त्याचे सारे पोट त्या एका वस्तूवर असते, म्हणून तिच्याविषयीचा प्रत्येक कायदा त्याला ठाऊक असतो. जो ती विकत घेतो तो शंभर वस्तू घेतो. एकेकीपायी त्याचे चार नाणी नुकसान होते, त्यासाठी तो कायदा कशाला वाचील? म्हणून सरकारदरबारी विकणाऱ्याचा आवाज पोचतो, घेणाऱ्याचा पोचत नाही. येथे मला आपल्याच समाजाची गोष्ट आठवली, पण उलट बाजूने. १९६२ साली बेने इस्राएलांच्या विवाहाच्या वेळी त्यांच्या मागच्या पिढ्यांचा शोध घ्यावा, असे आदेश धर्मपीठाकडून निघाले. मी तेव्हा हिंदुस्थानात आणि पाळण्यात होते. जे सांगते ते जाणत्यांकडून ऐकलेले. बाकीच्या देशाला त्या आदेशाची कलमे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. आपल्या लोकांना मात्र ती पाठ झाली होती, कारण ज्याच्या घरात लग्नाची मुलगी त्याला तो कागद वाचण्याचा खर्च जड नव्हता. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आपली माणसे धरणे धरून बसली, आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत. मतांच्या संख्येने आपण मूठभर होतो. डाउन्सच्या हिशेबात मूठभरांचा असा विजय बसतो, पण एका अटीवर: मुठीतल्या प्रत्येकाला दुखत असले पाहिजे.

येथवर मी लेखकाच्या बाजूची. आता जे पटले नाही ते.

डाउन्स म्हणतात, माणसाने माहिती तेथपर्यंत घ्यावी जेथे पुढच्या माहितीचा खर्च तिच्या उपयोगापेक्षा जास्त होऊ लागेल, तेथे थांबावे. कागदावर हे सुंदर दिसते. परंतु पुढची माहिती उपयोगाची आहे की नाही, हे ती घेण्याआधी कसे कळणार? नव्याने कामावर आलेली मुलगी रुग्णाचा ताप पाहते, नाडी पाहते, दोन्ही ठीक दिसतात, ती तक्त्यावर टिंबे मांडते आणि पुढच्या खाटेकडे जाते. श्वास मोजायचा राहिला. पूर्ण मिनिटभर उभे राहून छातीकडे पाहणे तिला खर्चाचे वाटले. तिच्या हिशेबात चूक नव्हती; हिशेबात जो आकडा घालायचा तोच तिच्याजवळ नव्हता. मतदाराचे असेच होते. जे त्याला ठाऊक नाही त्याची किंमत तो शून्य धरतो आणि मग म्हणतो, पाहा, घेण्यासारखे काही नव्हते.

दुसरी हरकत मोठी आहे, आणि ती मी पुस्तकातून शिकले नाही. तिच्यासाठी १९९६ सालात जावे लागेल.

त्या वर्षी २९ मे रोजी देशात प्रथमच पंतप्रधानाची थेट निवड होती. मतदाराच्या हाती दोन चिठ्ठ्या, एक पंतप्रधानाच्या नावाची आणि दुसरी पक्षाच्या अक्षरांची. आमच्या जिन्यात एक वृद्ध मावशी राहत. अलिबागकडच्या एका खेड्यातून आलेल्या, मराठी वाचीत, हिब्रू अक्षर एक नाही. उल्पानला गेल्या त्या दोन महिनेच, तेही थंडीमुळे. हिंदुस्थानात त्यांनी १९५२ साली पहिले मत दिले होते. त्या निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते, बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चित्र. काँग्रेसची बैलजोडी. "बैल पाहिले आणि चिठ्ठी टाकली," असे मावशी सांगत. (त्याच वेळी सुमारे अठ्ठावीस लाख बायकांनी यादीत स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असे सांगितले आणि त्यांची नावे गाळली गेली. सरकारला चित्र काढता आले. नाव विचारणे कठीण गेले.) येथे मात्र चित्र नाही, अक्षरे आहेत. मजूर पक्षाची अक्षरे जोडून 'एमेत' होते, म्हणजे सत्य. लिकुदची जोडली की आपल्या कानाला 'महल' ऐकू येते. मावशी हसून म्हणाल्या, "एकाकडे सत्य, एकाकडे महल, मी गरीब बाई जाऊ कुठे?"

आदल्या संध्याकाळी त्या माझ्या स्वयंपाकघरात बसल्या आणि म्हणाल्या, "तू शिकलेली, इस्पितळात काम करतेस, दहा माणसांत वावरतेस. कोणाला द्यायचं ते सांग." मी सांगितले. दोन्ही चिठ्ठ्यांविषयी सांगितले. वहीच्या कागदावर नाव मोठ्या अक्षरांत काढून दिले, तीनदा गिरवून घेतले. पडद्यामागे त्यांना एकटीनेच जायचे होते. शाळेच्या पायऱ्या चढताना त्यांनी माझा दंड धरला होता.

त्या रात्री निकालाचे पहिले अंदाज ऐकून देश झोपला तेव्हा पेरेस पंतप्रधान होते, आणि सकाळी उठला तेव्हा नेतन्याहू. शेवटचा फरक २९,४५७ मतांचा. सुमारे तीस लाखांत एवढासा. मी कोणाचे नाव सांगितले होते ते येथे लिहीत नाही. वाचकांत दोन्ही बाजूंचे आहेत आणि मुद्दा तो नाही. मुद्दा हा की चार दिवसांनी चहा पिताना मावशींनी विचारले, "त्यालाच का गं द्यायला सांगितलंस?" तेव्हा मला धड सांगता येईना. मी आठवू लागले. मला ते आमच्या वॉर्डातील एका अनुभवी सहकारिणीने पटवून दिले होते. तिने ते तिच्या भावाकडून घेतले होते. भाऊ रेडिओवरच्या कोणा भाष्यकाराचा भक्त. भाष्यकाराने ते कोठून घेतले, परमेश्वर जाणे.

डाउन्स म्हणतात, माहितीचे काम अशा माणसावर सोपवावे ज्याचे हित तुमच्यासारखे आहे आणि ज्याची माहिती तुमच्याहून जास्त आहे. मावशींनी तेच केले होते. माझे हित त्यांच्यासारखे होते, माहितीही त्यांना जास्त वाटत होती. पण मी तेच वर केले होते, आणि माझ्या वरचीनेही. विरजण संपले की आपण शेजारणीकडे वाटी घेऊन जातो; ती तिच्या शेजारणीकडून आणते; चालते, कारण कोणाच्या तरी घरी खरे दही असते. साऱ्या आळीत कोणाकडेच नसेल तर वाट्या नुसत्या फिरत राहतील. प्रत्येकाने खर्च वाचवला, आणि खर्च कोणीच केला नाही. ही शक्यता या ग्रंथात पुरेशी तपासलेली मला आढळली नाही. आपल्यासारख्या समाजात, जेथे पहिली पिढी भाषेवाचून अडते आणि दहा घरे एका 'शिकलेल्या'च्या तोंडाकडे पाहतात, तेथे ही सर्वांत आधी तपासायची गोष्ट.

याच ग्रंथकाराचे गुरू ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर एक लेख लिहिला. त्यात ते म्हणतात, रुग्णाला डॉक्टराएवढे कळत नाही, म्हणून तेथे बाजार नुसत्या भावावर चालत नाही, विश्वासावर चालतो. आणि त्या विश्वासाला परवाने, पदव्या, व्यवसायाची शिस्त असा आधार लागतो. डॉक्टराच्या भिंतीवर चौकटीत कागद असतो. मी मावशींना सल्ला दिला तेव्हा माझ्या भिंतीवर काय होते? सुईणपणाचे प्रमाणपत्र.

आता कथेचा उरलेला भाग. माझे उत्तर ऐकून मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. नावाची चिठ्ठी तू सांगितलीस ती टाकली. दुसरी मी माझ्या मनाची टाकली." मी थक्क झाले. त्यांच्या यजमानांच्या शिवाच्या सात दिवसांत एका पक्षाचा स्थानिक माणूस तीनदा येऊन बसला होता. एकदा खुर्च्या घेऊन आला, एकदा जेवण घेऊन आला, एकदा नुसताच आला. त्या पक्षाचे पहिले अक्षर त्यांनी त्याच्याकडूनच शिकून ठेवले होते. "नुसताच आला," यावर त्यांचा भर होता.

सॅम्युएल पॉपकिन या अमेरिकन अभ्यासकाने १९९१ साली मतदाराच्या विचारशक्तीची बाजू घेणारे पुस्तक लिहिले. त्यातली एक हकिकत वाचताना मला मावशींची आठवण झाली. १९७६ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला प्रचारास गेले असता त्यांना तमाले नावाचा मेक्सिकन पदार्थ देण्यात आला. तो मक्याच्या पाल्यात गुंडाळून उकडलेला असतो. फोर्डसाहेबांनी पाल्यासकट घास घेतला. आपल्या पातोळ्या कोणी हळदीच्या पानासकट चावल्या तर आपण काय समजू? हा माणूस आपल्या घरी कधी जेवलेला नाही, हे. पॉपकिन म्हणतात, तेथील मतदारांनी तेच ताडले, आणि ते ताडणे मूर्खपणाचे नव्हते. रोजच्या जगण्यात सहज हाती येणारी अशी माहिती थोडी असली तरी तिच्यात अर्थ असतो. डाउन्सनाही फुकट मिळणारी माहिती ठाऊक आहे, गप्पांतून, करमणुकीतून येणारी; परंतु ती त्यांच्या वहीत किरकोळ जमेच्या खात्यावर राहते. मावशींच्या वहीत ती पहिल्या पानावर होती. आणि तरीही मी म्हणेन की खुर्च्या आणणारा माणूस चांगला कायदा करीलच असे नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांची बेरीज करता येत नाही.

तिसरी हरकत अभ्यासकांनी फार पूर्वीच घेतलेली आहे, म्हणून थोडक्यात. एका मताची किंमत शून्याजवळ असेल तर लोक मत देतात तरी कशाला? डाउन्स म्हणतात, कोणीच मत दिले नाही तर लोकशाही मोडेल, हे जाणून देतात. पण माझ्या एकटीच्या मताने ती मोडणार नाही किंवा तरणार नाही. हिशेब पुन्हा तोच. १९६८ साली रायकर आणि ऑर्डशुक या दोघांनी सूत्रात एक अक्षर वाढवले, कर्तव्याच्या समाधानाचे. गणित सुटले. आमच्याकडे ताप कशाचा ते कळेना की तक्त्यावर 'अज्ञात कारणाचा ताप' असे लिहीत. लिहिले की डॉक्टरांना बरे वाटे. रुग्णाचा ताप तसाच.

ब्रायन कॅप्लन यांनी २००७ साली याच्याही पुढे जाऊन लिहिले की मतदाराच्या चुका पांगलेल्या नसतात, त्या एकाच दिशेला झुकतात, म्हणून लाखो मतांत त्या एकमेकींना खोडून काढीत नाहीत. वाट्यांच्या फिरण्यावरून मला हे खरे वाटते. परंतु त्यावर कमी माहितीच्या लोकांना मतदानाला आणण्याचा खटाटोप नको, असा जो त्यांचा सूर लागतो, तो मला मान्य नाही. वजनाचा काटा चुकीचा दाखवतो म्हणून हलक्या रुग्णांना वजन करू नये, असे कोणी म्हणत नाही. शिवाय ज्यांची मते मोजली जात नाहीत त्यांच्या जिन्यात खुर्च्या घेऊन कोण येईल?

शेवटी मतदार किती अडाणी, याचा पुरावा आपल्याच देशात पाहावा. दोन चिठ्ठ्यांची पद्धत आणली ती पंतप्रधान बळकट व्हावा म्हणून. मतदाराने तिचा अर्थ लवकरच ओळखला: पंतप्रधान एका चिठ्ठीने निवडता येतो, मग दुसरी आपल्या माणसाला का देऊ नये? १९९२ साली दोन मोठ्या पक्षांना मिळून ७६ जागा होत्या, १९९६ साली ६६ झाल्या, १९९९ साली ४५. त्याच काळात शास पक्ष ६ वरून १० वर आणि १० वरून १७ वर गेला. २००१ साली कायदाच बदलावा लागला. कायदा करणाऱ्या विद्वानांना जे दिसले नाही ते आमच्या जिन्यातल्या मावशींना पहिल्याच खेपेला दिसले होते. जी माहिती हाताला लगेच काम देते ती मतदार विनासायास आत्मसात करतो. जी दूरच्या खात्याची, अंदाजपत्रकाची, ती करीत नाही. डाउन्सचा सिद्धान्त माझ्या मते येथे टिकतो, फक्त त्यांनी काढलेल्या रेषेच्या थोडा अलीकडे.

एका मताची किंमत मात्र त्यांच्या सूत्रापेक्षा आपल्याकडे चमत्कारिक आहे. २०१४ पासून क्नेसेटमध्ये शिरण्यासाठी ३.२५ टक्क्यांचा उंबरठा आहे. १ नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत मेरेत्झ पक्ष ३.१६ टक्क्यांवर थांबला, सुमारे चार हजार मते कमी पडली आणि दीड लाख मतदारांची चिठ्ठी वाया गेली. अशा ठिकाणी पक्षाविषयी माहिती असून भागत नाही; शेजारी काय करणार आहे याची माहिती लागते. ती कोणत्याही वर्तमानपत्रात पैसे देऊन खात्रीने मिळत नाही. २०१९ ते २०२२ या साडेतीन वर्षांत पाच वेळा मतदान झाले, तेव्हा आमच्या बाकावर बसणाऱ्या बायका पक्षांविषयी कमी आणि टक्क्यांविषयी जास्त बोलत. 

मावशी आता नाहीत. गेल्या तेव्हा तो माणूस आला होता, म्हातारा झालेला, खुर्च्या न घेता.

पुस्तक साधे नाही, मधली काही पाने आकडे-आकृत्यांनी भरलेली आहेत ती चाळली तरी चालतील. ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनी अकरा ते चौदा ही चार प्रकरणे वाचावीत. माहिती, तिचा खर्च आणि मत न देणारा नागरिक हे सारे त्यांतच आहे. माझ्याजवळची प्रत भाचीच्या मुलीची आहे आणि सुट्टी संपली की ती परत नेणार आहे. समासात मी पेन्सिलीने मराठीत जे लिहिले आहे ते खोडू नकोस, असे तिला सांगितले आहे. तिला ते वाचता येत नाही. म्हणाली, कोणाला तरी विचारीन.